विल्यम्सबर्गचें जिवंत संग्रहालय

अमेरिकेंतील व्हर्जिनिया वसाहतीची जुनी राजधानी विल्यम्सबर्ग आम्हीं सहकुटुंब पाहिली. १९२६ सालीं आरंभिलेल्या जीर्णोद्धारामुळें हें नगर अठराव्या शतकाच्या रूपांत उभें आहे. तेथील छापखान्यांत कारागीर हातानें खिळे जुळवितात, शाई लावितात आणि छापयंत्राचा दांडा ओढतात. जुन्या मुद्रणाची कल्पना मुलांस पुस्तकांपेक्षां तेथें अधिक आली.

परंतु गव्हर्नराच्या वाड्यापाशीं धाकट्यानें विचारलें, "हा खराच जुना आहे काय?" मूळ वाडा १७८१ सालीं जळाला, आजचा १९३४ सालीं खुला झाला. उत्खननांत सांपडलेला पाया, जेफर्सननें काढलेला आराखडा आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत १९२९ सालीं आढळलेला चित्र कोरलेला तांब्याचा पत्रा, हीं त्याचीं साधनें. बाह्यरूपास तीं बळकट आहेत. आंतील लांकूडकाम मात्र बरेंचसें अनुमानाचें. डोळ्यांना हा भेद दिसत नाहीं.

त्रुटित पत्र छापतांना आपण पदरचीं अक्षरें कंसांत घालतों. इमारतीस कंस घालतां येत नाहींत. तें काम सोबतच्या वडीलधाऱ्यांनीं करावें. पुरावा कोठें संपतो हें सांगितल्यानें मुलांची गोडी कमी होत नाहीं. उलट संशोधनाचा पहिला धडा त्यांस तेथेंच मिळतो, असें आमचें मत आहे.