पुष्कराजाचा इतिहास : पण नक्की कुठल्या खड्याचा?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य टाकलं होतं : 'पुष्कराज म्हणजे टोपाझ, हा पिवळा खडा प्राचीन काळापासून सूर्याचं प्रतीक आहे.' गाइड मॅडमनी बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'कुठला खडा?' माझं अख्खं पान रद्द झालं. रत्नांच्या इतिहासावरचे बरेचसे लोकप्रिय लेख याच प्रश्नापाशी अडखळतात. ते शब्दाचा इतिहास लिहितात आणि तो खड्याच्या नावावर खपवतात.

रोमन लेखक प्लिनी बघा (इ.स. ७७ च्या सुमारास). त्याचा 'टोपाझोस' तांबड्या समुद्रातल्या बेटावरचा आणि रंगाने हिरवा! शिवाय तो सांगतो की, मौल्यवान खड्यांत फक्त हाच कानशीने झिजतो. आजच्या टोपाझचं काठिण्य ८ आहे, त्यावर कानस चालत नाही. पेरिडॉटचं ६.५ ते ७, आणि तो इजिप्तच्या झबरगद बेटावर मिळतो. म्हणजे प्लिनीचा टोपाझ बहुधा पेरिडॉट होता. मग 'प्राचीन टोपाझ म्हणजे सूर्य' या विधानाला प्लिनीचा आधार कसा देणार?

आपल्याकडचा गोंधळ वेगळा. नवरत्नांतला, गुरूचा पुष्कराज म्हणून आज बाजारात पिवळा सफायर, म्हणजे कोरंडम विकला जातो. माणिक-नीलमचा सख्खा भाऊ. शब्दकोशांत मात्र पुष्कराज = टोपाझ. पण सगळा दोष कोशकारांचा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत पिवळ्या कोरंडमलाच 'ओरिएंटल टोपाझ' म्हणत. पुढे 'ओरिएंटल' गळलं आणि खनिजच बदललं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने सतराव्या शतकात मुघल बादशहाच्या १५७¾ कॅरटच्या, गोव्यात खरेदी केलेल्या 'टोपाझ'ची नोंद केली आहे. तो टोपाझ होता की पिवळा सफायर? नुसत्या शब्दावरून ठरत नाही.

मग प्रतीक खोटं का? अजिबात नाही. गुरुवारचं पिवळं वस्त्र, हरभऱ्याची डाळ, हळद आणि पुष्कराज एकाच माळेचे मणी आहेत. त्यांना जोडतो तो रंग. माझ्या आजीच्या अंगठीतला 'पुष्कराज' मी लॅबमध्ये तपासला. अपवर्तनांक आला १.५४. सफायरचा १.७६ च्या पुढे असतो, टोपाझचाही १.६१ च्या वर. म्हणजे हा सिट्रीन, साधा क्वार्ट्झ. आजीला सांगितलं तर म्हणाली, "असू दे गं, पिवळा आहे ना?" तिच्या श्रद्धेपुरतं हे उत्तर पूर्ण आहे. आपल्या थिसिसपुरतं नाही.

म्हणून लिटरेचर रिव्ह्यू करताना तीन रकाने करा : मूळ ग्रंथातला शब्द, तिथे सांगितलेले गुणधर्म, आजचं खनिज. तिसरा रकाना भरता येत नसेल तर रिकामा सोडा. रिकामा रकाना व्हायवात सांभाळता येतो, चुकीचा भरलेला नाही.