कातडीच्या आत काय आहे?

चोआ चू कांगच्या आमच्या घरी गणपतीच्या दिवसांत येणाऱ्या पाहुण्यांची एक गंमत मी गेली काही वर्षे पाहत आलो आहे. मंडळी आधी बाप्पापुढे हात जोडतात, "मूर्ती शाडूची का हो?" असे आवर्जून विचारतात, मोदक घेतात आणि मग हळूच आमच्या चिरंजीवांच्या खोलीच्या दाराशी घुटमळू लागतात. तिथे काचेच्या कपाटात दोन फूट उंचीचा एक माणूस उभा आहे. गालावर दाढीचे खुंट, नाकाच्या बाजूला बारीक रंध्रे, डोळ्यांत ओलसर चमक. एका आजींनी तर "अगंबाई, हा श्वास घेतोय की काय!" म्हणून चक्क पदर सावरला होता.

तो श्वास घेत नाही. तो सिलिकॉनचा आहे. चित्रपटातल्या एका नायकाचा, मूळ मापाच्या एक-तृतीयांश आकाराचा, हौशी संग्राहकांसाठी काढलेला पुतळा. चिरंजीवांनी तो पहिल्या बोनसमधून घेतला. किंमत दोन हजार डॉलरच्या वर! ती ऐकून मी दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नव्हतो. पुढे मात्र, खरे सांगायचे तर, पाहुण्यांना तो दाखवायला मीच पुढे असे.

यंदा श्रावणात कपाट पुसताना नायकाच्या काळ्या कोटाचा एक पापुद्रा सौ.च्या फडक्याला चिकटून आला. पाहतो तो कॉलर, खांदे, बाह्या, सगळीकडून कोट सोलून निघत होता. तो अलगद उतरवला, तर मानेवर कॉलर टेकत होती तिथे काळसर डाग. पाण्याने जाईना, साबणाने जाईना. चेहरा मात्र सहा वर्षांपूर्वी खोक्यातून निघाला तितकाच ताजा!

मी व्यवसायाने यंत्र अभियंता. कलासमीक्षा हा माझा प्रांत नव्हे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न पाठ सोडीना. दीड दिवसाच्या मूर्तीबद्दल आपण "शाडूची की प्लास्टरची?" असे विचारतो. मग तिच्या कैक पटींनी महाग असलेल्या, जन्मभर ठेवण्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ती कशाची आहे आणि आतून कशी आहे, हे आम्ही विचारलेच कसे नाही?

म्हणून आधी हा पुतळा आतून कसा असतो ते पाहू. तो आरपार सिलिकॉनचा असतो हा पहिला गैरसमज. मऊ सिलिकॉन स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाही. सगळा पुतळा त्याचाच ओतला, तर तो जड होईल आणि हळूहळू वाकेल. म्हणून आत रेझिनचा किंवा फायबरग्लासचा कडक गाभा असतो. चौथऱ्यातून पायात शिरणारी पोलादी कांब वरचा भार पेलते. कातडी म्हणून जे दिसते ते या गाभ्यावरचे काही मिलिमीटर जाडीचे आवरण. सिलिकॉनला सिलिकॉनखेरीज सहसा काही चिकटत नाही. त्यामुळे गाभ्याला भोके आणि खाचा ठेवतात. ओतलेले सिलिकॉन त्यांत शिरून घट्ट होते आणि कातडी जागच्या जागी अडकून बसते.

सिलिकॉनच्याही जाती आहेत. कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे स्वस्त पडते, पण काही वर्षांत आक्रसते आणि ठिसूळ होते. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे जवळजवळ आक्रसत नाही, म्हणून चांगल्या कामाला तेच वापरतात. मात्र ते फार सोवळ्यातले! मातीकामाच्या काही मेणमातींत गंधक असते. त्याचा नुसता स्पर्श झाला, तरी प्लॅटिनमचे सिलिकॉन त्या जागी घट्टच होत नाही, चिकट राहते. हल्ली मूळ शिल्प बहुधा संगणकावर घडवून त्रिमितीय छपाईने काढतात. त्या छपाईच्या काही रेझिनांचाही त्याला असाच विटाळ होतो.

कातडीला मांसाचा मऊपणा यावा म्हणून सिलिकॉनमध्ये सिलिकॉनचेच तेल मिसळतात. प्रमाण जास्त झाले की ते पुढे पृष्ठभागावर पाझरते आणि पुतळा धूळ धरू लागतो. रंगही वरून फासलेला नसतो. आपल्या त्वचेखाली रक्ताची लाली असते, तशी रंगछटा सिलिकॉनमध्येच कालवून पातळ थर देतात. वरचे तीळ, डाग, शिरा पातळ केलेल्या रंगीत सिलिकॉनने काढतात. प्रकाश थोडा आत शिरून परत येतो, म्हणून ते कान, ते ओठ जिवंत वाटतात. आणि भुवईचा एकेक केस सुईने, त्याच्या नैसर्गिक कलाने टोचलेला!

या कारागिरीला दाद द्यावीच लागते. सेंटोसावरच्या मादाम तुसाँमध्ये (२०१४ साली ते सुरू झाले) केस असेच एकेक करून बसवलेले दिसतात, पण तिथले चेहरे मेणाचे. त्यांना उन्हाचे भय. सिलिकॉनला आपल्या उन्हाळ्याचे काही वाटत नाही. सिंगापूरच्याच एक्सएम स्टुडिओजने ज्यात नाव मिळवले, त्या पॉलीस्टोनच्या, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेल्या रेझिनच्या पुतळ्यांना वजन आणि डौल असतो, पण कातडीची अशी भूल ते पाडू शकत नाहीत.

मग आमचे बिघडले कुठे? कातडीत नव्हे, कोटात. कोट चामड्याचा नव्हता. कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला होता. हवेतल्या बाष्पाने या द्रव्याचे रासायनिक बंध हळूहळू तुटत जातात, आणि सिंगापूरची सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. वस्तू वापरली काय, नुसती ठेवली काय, फरक पडत नाही. शू रॅकमध्ये जपून ठेवलेल्या बुटांचे तळ ऐन लग्नाच्या दिवशी सुटून आलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील; रोग बहुधा तोच. भरीला सिलिकॉनची कातडी कापडाचा कच्चा रंग शोषून घेते आणि मग सोडत नाही. मानेवरचा डाग तिथून आला. पुतळा बनवणाऱ्यांनी कातडीवर जेवढी बुद्धी खर्च केली, तिच्या दहावा हिस्सा कातडी आणि कोट यांच्या सहवासावर खर्च केली असती, तर ही वेळ आली नसती.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. हा प्रकार कॅमेऱ्यासाठी घडवलेला आहे. ग्राहक मागणी नोंदवतो ती बहुतेकदा एका नमुन्याची छायाचित्रे पाहून, वस्तू हाती येण्याच्या कितीतरी महिने आधी. छायाचित्रात रंध्रे दिसतात. कांब दिसत नाही, अस्तर दिसत नाही, आणि काळ तर दिसतच नाही. जे दिसत नाही त्यावर मग खर्चही होत नाही.

बाहेरचे रूप आणि आतला सांगाडा यांची अशी फारकत किती महाग पडते, हे आपण महाराष्ट्रीयांना वेगळे सांगायला नको. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. पुढे चौकशीत जी कारणे आली ती गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग अशी होती. कुठे महाराजांचा पुतळा आणि कुठे आमच्या कपाटातला नायक! तुलना मी करत नाही. पण खाऱ्या, दमट हवेला बाहेरच्या रूपाशी काही देणेघेणे नसते. ती सांध्यात शिरते, हा धडा दोन्हीकडे एकच.

आता कलेच्या अंगाने. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ साली 'मंदिरपथगामिनी' घडवली. साधे प्लास्टर! त्या तरुणीला ना रंध्रे, ना केस, ना कातडीचा रंग. पण तिचे नऊवारी लुगडे आणि ती स्वतः एकाच द्रव्यातून आली आहेत. वस्त्र अंगावर कसे पडते हे शिल्पकाराला कळले होते, म्हणून खरे वस्त्र नेसवायची त्याला गरज पडली नाही. ती देवळाकडे निघालेली आहे हे पाठीमागूनही कळते. आमचा नायक कुठे निघाला आहे? कुठेच नाही. तो छायाचित्रासाठी थांबला आहे.

सिलिकॉनमध्ये हे जमतच नाही असेही नाही. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या रॉन म्युएकने १९९६-९७ मध्ये 'डेड डॅड' हे शिल्प केले. जमिनीवर उताणे पडलेले वडिलांचे विवस्त्र शव. केस, नखे, सुरकुत्या, सारे हुबेहूब, पण माप मूळ माणसाच्या सुमारे दोन-तृतीयांश. एवढा मोठा बाप मरणानंतर किती लहान दिसतो, ही त्या मापातली व्यथा आहे. आमच्या पुतळ्याच्या एक-तृतीयांश मापाला असे कारण नाही. ते कपाट आणि खोका यांच्या सोयीने ठरलेले. हुबेहूबपणा हे साधन आहे. त्यातून काय म्हणायचे हे ठरलेले नसेल, तर उरतो तो कातडीचा नमुना.

अशा वस्तू घेऊ नयेत असे मात्र मी म्हणणार नाही. मुलांच्या हौसेला नाके मुरडणारा बाप व्हायची इच्छा नाही. घेण्याआधी चार प्रश्न विचारा, एवढेच: सिलिकॉन कुठल्या जातीचे? आतली कांब कशाची आणि ती गंजेल का? कपडा कशाचा, आणि त्याखाली रंग अडवणारे अस्तर आहे का? कपडा गेला तर दुसरा मिळेल का? उत्तर मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे. आणि पुतळा बॉम्ब शेल्टरमध्ये खोक्यात कोंडून ठेवू नका. बंद दमट जागेत कोट आधी जातो.

आमच्या चिरंजीवांनी बनवणाऱ्यांना पत्र लिहिले. नवा कोट मिळत नाही असे कळले. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी सौ.ने शिवणयंत्र बाहेर काढले. तिने जुन्या काळ्या पँटचे सुती कापड तीन वेळा गरम पाण्यात धुतले, पाण्याला रंग येईनासा होईपर्यंत. जुना कोट उसवून त्याचेच तुकडे कागदावर ठेवून बेतले. बाही लावताना ती म्हणाली, "याचे खांदे तुझ्या बाबांसारखे पडके आहेत रे!" आणि चिरंजीव कितीतरी दिवसांनी हसले.

कोट झाला. फोटोत तो मूळ कोटाइतका झोकदार दिसत नाही. आतून पांढऱ्या मलमलीचे अस्तर आहे. ते बाहेरून कोणालाच दिसत नाही. परवा मात्र घरी आलेल्या पाहुण्यांना चिरंजीव कोटाची कड उलटून आधी तेच दाखवत होते.