झेलेंका, यान डिस्मास
(बाप्तिस्मा १६ ऑक्टोबर १६७९–२३ डिसेंबर १७४५). उत्तर-बरोक काळातील श्रेष्ठ चेक संगीतरचनाकार. कॅथलिक धर्मसंगीत हे त्याच्या निर्मितीचे मुख्य क्षेत्र. जन्म बोहीमियातील (आता चेक प्रजासत्ताक) लौन्योव्हित्से या गावी. वडील शाळामास्तर व ऑर्गनवादक होते. प्रागमधील जेझुइट संस्थांशी त्याचा निकटचा संबंध आला. १७१० च्या सुमारास तो ड्रेझ्डेन येथील राजदरबाराच्या वाद्यवृंदात व्हिओलोने या मंद्रस्वरी तंतुवाद्याचा वादक म्हणून दाखल झाला. पुढे व्हिएन्ना येथे योहान योझेफ फुक्स याच्याकडे त्याने काउंटरपॉइंटचे, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी गुंफण्याच्या तंत्राचे, शिक्षण घेतले व १७१९ मध्ये तो ड्रेझ्डेनला परतला.

सॅक्सनीची प्रजा ल्यूथरपंथीय होती. मात्र पोलंडच्या राजपदासाठी दुसऱ्या ऑगस्टसने १६९७ मध्ये कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे दरबारी चर्चला नव्या संगीताची गरज भासू लागली. प्रमुख संगीतकार हाइनिखेन याच्या आजारपणात ही जबाबदारी झेलेंकाने वाहिली. १७२९ मध्ये हाइनिखेन मरण पावल्यावर ते पद मात्र ऑपेराकार हासे याला मिळाले. १७३३ मध्ये झेलेंकाने केलेला अर्जही निष्फळ ठरला. ‘चर्च-संगीतरचनाकार’ या उपाधीवरच त्याला समाधान मानावे लागले.

या घटनेमुळे झेलेंकाची गणना जुन्या वळणाच्या विद्वान रचनाकारांत होऊ लागली. त्याच्या कृती पाहता हे मत एकांगी ठरते. १७३८ मधील सी मायनर स्वरातील ‘मिझेरेरे’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. प्रारंभी वाद्यवृंदाचे एकसारखे आघात व त्यांवर साचत जाणारे विसंवादी स्वर पश्चात्तापाची व्याकुळता प्रकट करतात. त्यापुढील भाग फ्रेस्कोबाल्दीच्या १६३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑर्गनरचनेवर आधारलेला आहे, तर नंतरचे सोप्रानो-गीत तत्कालीन ऑपेराच्या ललित शैलीत आहे. अखेरीस आरंभीचे आघात पुन्हा येतात. शंभर वर्षांचे अंतर असलेल्या शैली येथे नुसत्या शेजारी मांडलेल्या नाहीत; प्रायश्चित्ताच्या एकाच भावाने त्या बांधल्या गेल्या आहेत. परंपरा व नवी अभिरुची यांपैकी एकीची निवड करणे त्याने नाकारले, हेच त्याचे वैशिष्ट्य होय.

अनपेक्षित स्वरसंवाद, विषम लांबीची वाक्ये व तालाची अस्वस्थ गती हे त्याच्या शैलीचे विशेष. ‘जेरेमायाचे विलाप’ (१७२२) या रचनेत ते संयमाने, तर सहा त्रयी-सोनाटांत (सु. १७२१–२२) उसळून प्रकटतात. या सोनाटांत ओबो व बासून यांच्या वादकांची कसोटी लागते. ‘मिस्सा देई पात्रिस’ (१७४०), ‘मिस्सा देई फीलिई’ व ‘मिस्सा ओम्नियम सांक्टोरम’ (१७४१) या अखेरच्या उपासनारचना त्याच्या प्रतिभेचा कळस मानल्या जातात. सहा मिस्सांचा संकल्प होता. तीनच झाल्या व त्यांतील दुसरीचे केवळ पहिले दोन विभाग आहेत. दीर्घ फ्यूग व शब्दांची पुनरुक्ती यांमुळे त्या प्रत्यक्ष उपासनाविधीस काहीशा अवजड वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. तथापि वरिष्ठ पदाची आशा मावळल्यानंतर झालेली ही निर्मिती दरबारी कर्तव्याच्या मर्यादा ओलांडून जाते.

योहान झेबास्टिआन बाख त्याचा चाहता होता. झेलेंकाच्या एका ‘माग्निफिकाट’मधील ‘आमेन’ हा भाग त्याने आपल्या मुलाकडून उतरवून घेतला होता. मृत्यूनंतर झेलेंकाची हस्तलिखिते दरबाराच्या ताब्यात राहिली आणि त्याचे संगीत दीर्घकाळ उपेक्षित राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोनाटांचे प्रकाशन व ध्वनिमुद्रण झाले. १९८५ मध्ये व्होल्फगांग राइख याने त्याच्या कृतींची सूची सिद्ध केली. त्यानंतर मिस्साही मैफलींतून ऐकू येऊ लागल्या आणि बाखच्या समकालीनांत झेलेंकाचे स्वतंत्र स्थान मान्य झाले. ड्रेझ्डेन येथे तो निधन पावला.