‘नवी बॅटरी’ : एक रसग्रहण

मराठी समीक्षकांनी कादंबरी सोडली नाही, नाटक सोडले नाही, लोकसाहित्य म्हणून जात्यावरच्या ओव्याही सोडल्या नाहीत. पण वापरलेल्या आलिशान मोटारीच्या जाहिरातीकडे त्यांचे अजून लक्ष गेलेले दिसत नाही. वास्तविक इतके थोडे शब्द, इतका दाट आशय आणि वाचकाला शेवटी इतका खर्च, हे दुसऱ्या कुठल्या वाङ्मयप्रकारात सापडणार? एखादा कवितासंग्रह फसला तर फार तर दोनशे रुपये जातात. इथे प्रॉव्हिडंट फंड जातो.

फंडाचे नाव उगीच काढलेले नाही. आमच्या हिचे एक मावसभाऊ आहेत. सगळे त्यांना दादा म्हणतात. छत्तीस वर्षे बँकेत बसून त्यांनी लोकांच्या मोटारींची कर्जे मंजूर केली आणि स्वतः स्कूटरवरून घरी गेले. निवृत्त झाल्यावर वहिनींचे गुडघे स्कूटरला दाद देईनात. तेव्हा दादांनी ठरवले, की आता एक गाडी घ्यायची आणि घ्यायची तर कर्ज मंजूर करताना जिच्या कागदांकडे चोरून दोनदा बघत होतो, तसली घ्यायची. नवी परवडणे या जन्मी शक्य नव्हते. जुनी मात्र नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळत होती. जाहिरातीचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “जावईबापू, तुम्ही लिहिणारे. शब्दांत काही गोम असली तर तुम्हाला कळेल. वाचून सांगा.”

मजकूर असा होता : ‘जर्मन लक्झरी कार. मॉडेल २०१२. सिंगल ओनर. अत्यंत कमी रनिंग. कायम गॅरेजमध्ये. नवी बॅटरी. किरकोळ इलेक्ट्रिकल काम. परदेशी जात असल्याने विकणे. फक्त गरजूंनीच भेटावे.’

बघा, एकही क्रियापद धड नाही, तरी केवढे नाट्य आहे! ‘अत्यंत कमी रनिंग’ वाचून सामान्य वाचक खूश होतो. पण शिशाची बॅटरी ही व्यायामावर जगणारी वस्तू आहे. गाडी उभी राहिली की ती हळूहळू उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. मग कितीही चार्ज करा, पहिल्यासारखा जोर येत नाही. तेव्हा कमी पळालेली गाडी ही गुणांची यादी नसून आजारपणाची हकिकतही असू शकते. पुढचे विधान त्याहून सूचक. ‘कायम गॅरेजमध्ये.’ कोणाच्या गॅरेजमध्ये, मालकाच्या की मिस्त्रीच्या, हे कवीने अध्याहृत ठेवले आहे.

आता ‘नवी बॅटरी’. संपूर्ण रचनेचा प्राण या दोन शब्दांत आहे. आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. अभिधेने पाहिले तर बॅटरी नवी आहे, पावतीसुद्धा आहे, प्रश्न मिटला. पण नवव्या शतकात आनंदवर्धनाने सांगून ठेवले, की काव्याचा आत्मा ध्वनीत असतो, म्हणजे जे सांगितले नाही पण ऐकू येते त्यात. आणि इथे ऐकू येते ते असे : घर सोडून निघालेला भाडेकरू जाताजाता नवा पंखा बसवत नाही. मग विकायला काढलेल्या गाडीत या गृहस्थाने नवी बॅटरी का बसवली? अर्थात जुनी मेली म्हणून. ती का मेली? वयाने मेली असेल तर देवाची इच्छा. पण गाडीनेच तिला खाल्ली असेल तर नवीचेही तेच होणार.

गाडी बॅटरी खाते म्हणजे काय, तेही सांगतो. या गाड्यांत डझनावारी छोटे संगणक असतात. दाराला एक, खुर्चीला एक, रेडिओला एक. आपण कुलूप लावून घरी गेलो की त्यांनी पाचदहा मिनिटांत, फार तर तासाभरात, झोपी जायचे असते. सगळे झोपल्यावर गाडीने साधारण ५० मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी वीज ओढावी, असा संकेत आहे. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ९० अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर महिनाभर सुखाने घर चालवते. पण दाराच्या कुलपातले एखादे इवलेसे बटण बिघडले आणि ‘दार उघडेच आहे’ असे सांगत बसले, तर तो संगणक जागा, म्हणून शेजारचा जागा, म्हणून सगळी चाळ जागी. गाडी अर्धा अँपिअर ओढू लागली तर दिवसाला १२, आठवड्याला ८४. रविवारी देवाला जाऊन आलात, की पुढच्या रविवारी गाडी देवाघरी.

या शोकांतिकेतला सर्वांत सुंदर प्रसंग पुढेच आहे. बीएमडब्ल्यूच्या फाइव्ह सीरिजसारख्या गाड्यांत वजनाचा तोल साधावा म्हणून बॅटरी डिकीत ठेवतात. डिकी उघडते विजेच्या बटणाने. वीज गेली की डिकी उघडत नाही आणि डिकी उघडत नाही म्हणून बॅटरी काढता येत नाही. यावर इलाज आहे, नाही असे नाही. रिमोटच्या पोटात एक खरी लोखंडी किल्ली दडवलेली असते आणि बाहेरून करंट देण्यासाठी बॉनेटखाली टोके काढून ठेवलेली असतात. पण दहा वर्षांत ती किल्ली कोणी फिरवलेलीच नसते. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफ मागाहून बघा, आधी ती किल्ली काढून कुलपात फिरवायला सांगा. विकणाऱ्याचा चेहरा वाचनीय होतो.

शिवाय बॅटरी नुसती बदलून भागत नाही. पोलीस चौकीत नव्या भाडेकरूची नोंद करावी, तशी बऱ्याच जर्मन गाड्यांना नव्या बॅटरीची वर्दी द्यावी लागते, तीही कंप्युटर जोडून. नाही दिली तर गाडीच्या मनात जुनीच म्हातारी बॅटरी असते आणि नवीला ती म्हातारीच्या मापाने चार्जिंग करत राहते. त्यात या गाड्यांना बहुधा एजीएम जातीची बॅटरी लागते. ती महाग म्हणून कोणी साधीच बसवून ‘नवी’ म्हणून मोकळे होतात. ‘नवी’ हे विशेषण खरेच असते. विशेष्यात लबाडी असते.

‘किरकोळ इलेक्ट्रिकल काम’ याबद्दल समीक्षक म्हणून मला कवीचा राग आहे. इंजिनाचे काम किरकोळ असू शकते, ब्रेकचे असू शकते. पण किलोमीटरच्या हिशेबाने वायर पोटात घातलेल्या गाडीत विजेचे काम एक तर झालेले असते किंवा अथांग असते, किरकोळ कधीच नसते. इंग्रजांनाही हे दुःख ठाऊक होते. तिकडच्या मोटारींना विजेचे सामान पुरवणाऱ्या लुकास कंपनीला तिथले मोटारवेडे थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणत. पण त्या काळी अंधार पडला तर निदान दिवाच गेला हे कळायचे. आताच्या गाड्या साहित्यिक झाल्या आहेत. बॅटरी दमली, की काही गाड्यांच्या पडद्यावर ‘सुखसोयी तूर्त उपलब्ध नाहीत’ अशा अर्थाची ओळ येते. सरकारी कचेरीत जेवणाच्या सुटीत खिडकीवर लावतात ना, अगदी तीच शैली.

मग दादांना म्हटले, मूळ संहिता बघितल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. अट एकच घातली : आदल्या संध्याकाळपासून गाडी कुलूपबंद ठेवावी आणि आम्ही येण्याआधी चालू करू नये. गाडी नेहमी थंड वाचावी. आपण पोचताच बॉनेट गरम लागले, तर समजावे की नांदी आपल्याआधीच उरकली आहे. आणि नांदी महत्त्वाची. किल्ली फिरवल्यावर सगळे इशारादिवे क्षणभर लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. जो विझत नाही तो बोलका. जो मुळी लागतच नाही तो जास्त बोलका, कारण त्याला कोणीतरी गप्प केलेले असते.

बरोबर आमच्या कोपऱ्यावरचा बॅटरीवाला होता. त्याने आधी व्होल्टमीटर लावला. रात्रभर विसावलेल्या निरोगी बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखवावे. हिने ११.९ दाखवले. नव्या बॅटरीने! मग त्याने डिकी उघडी ठेवूनच तिच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने खट्कन पाडली. गाडीला वाटले डिकी बंद झाली. वायरीला क्लॅम्पमीटर अडकवला आणि आम्ही पाऊण तास चहा पीत गाडी झोपण्याची वाट पाहिली. आकडा ०.९ अँपिअरच्या खाली यायला तयार नाही. डिकीतला गालिचा उचलला तर खाली ओल, आणि एका डब्यात शिरणाऱ्या वायरींच्या टोकांना हिरवा गंज. पाणी मागच्या दिव्याच्या रबरातून शिरले, की गाडी कुठल्या पुरात न्हाली होती? २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत अशा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या आणि पुढे बाजारात आल्या. बॅटरीवाल्याने सीटचा पट्टा टोकापर्यंत ओढून बघितला. मातीची रेघ नव्हती. म्हणजे नुसता पावसाळा.

“साहेब, एवढं तर सगळ्याच गाड्यांत असतं,” विकणारे म्हणाले.

दादा काही बोलले नाहीत. चेकबुक त्यांच्या खिशात होते, मला ते वरून दिसत होते. ते पुन्हा एकदा पुढच्या सीटवर बसले, चामड्यावरून हात फिरवला. शेजारच्या सीटकडे थोडा वेळ बघत राहिले. वहिनींना पाय लांब करायला तिथे ऐसपैस जागा होती. मग उतरले, दार हलकेच लावले. परतताना रिक्षात एवढेच म्हणाले, “वास मात्र छान होता हो, जावईबापू.”

दहा दिवसांनी त्याच जाहिरातीची दुसरी आवृत्ती माझ्या पाहण्यात आली. किंमत तीच, मजकूर तोच. पाठभेद एकच होता. ‘नवी बॅटरी’च्या जागी ‘अगदी नवी बॅटरी’.