विरोधदर्शक अव्यये : इंग्रजी आणि चिनी वाक्यरचनेचा तौलनिक विचार

प्रस्तावना

दोन विधाने एकमेकांशी जुळत नाहीत, किंवा एका विधानातून निर्माण होणारी अपेक्षा दुसऱ्या विधानात फोल ठरते, हे सांगण्याची सोय प्रत्येक भाषेत असते. मराठी व्याकरणात ‘पण’, ‘परंतु’, ‘परी’ यांना न्यूनत्वबोधक, तर ‘जरी-तरी’ या जोडीला संकेतबोधक उभयान्वयी अव्यय म्हटले जाते. इंग्रजीत हे कार्य ‘बट’, ‘दो’, ‘ऑल्दो’ ही अव्यये करतात. चिनी भाषेत, म्हणजे येथे तिच्या प्रमाण मँडरिन रूपात, ‘दानश’, ‘खश’, ‘बूग्वो’, ‘अर’ अशी अनेक अव्यये आहेत. (चिनी शब्द येथे देवनागरीत उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत, सूर दर्शविलेले नाहीत.)

या दोन भाषांची तुलना करताना एक विधान वारंवार केले जाते. इंग्रजी भाषा वाक्ये रूपाने जोडते आणि चिनी भाषा अर्थाने जोडते, असे ते विधान होय. चिनी व्याकरणकार वांग ली यांनी १९४० च्या दशकात अव्ययाविना केवळ अर्थाच्या आधारे होणाऱ्या वाक्यजोडणीची चर्चा केली होती. त्यांचे निरीक्षण वाक्यरचनेपुरते मर्यादित होते. पुढे मात्र अशा निरीक्षणांवरून दोन भाषासमूहांच्या विचारपद्धतीविषयीही निष्कर्ष काढले जाऊ लागले. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅप्लान यांनी १९६६ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी परिच्छेदाची मांडणी सरळ रेषेने, तर ‘पौर्वात्य’ परिच्छेदाची मांडणी आत वळत जाणाऱ्या चक्राकार रेषेने दाखविली. कॅप्लान यांनी स्वतः पुढे ही भूमिका बरीच सौम्य केली. परंतु ती आकृती अध्यापनाच्या क्षेत्रात टिकून राहिली. चिनी भाषेत विरोध मोघम राहतो आणि इंग्रजीत तो स्पष्ट होतो, हा समज विरोधदर्शक अव्ययांच्या प्रत्यक्ष वापरातून कितपत सिद्ध होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

एक ‘बट’, तीन अर्थ

हॅलिडे आणि हसन यांनी १९७६ साली इंग्रजीतील संहितेच्या सुसंगतीचा विचार करताना विरोधसंबंधाचा मूळ अर्थ ‘अपेक्षेच्या विरुद्ध’ असा सांगितला. त्यापूर्वी १९७१ मध्ये रॉबिन लेकॉफ यांनी ‘बट’चे दोन अर्थ वेगळे केले होते. पहिला केवळ तुलनात्मक विरोधाचा : थोरला उंच आहे, धाकटा ठेंगणा आहे. दुसरा अपेक्षाभंगाचा : तो आजारी आहे, पण कामावर आला. यांत तिसरा अर्थ मिळवावा लागतो, तो दुरुस्तीचा : तो शिक्षक नाही, तर विद्यार्थी आहे. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘बट’ चालते.

चिनी भाषेत मात्र ही तीन कामे वाटून दिलेली दिसतात. केवळ तुलना असेल तेव्हा ‘अर’ येते, किंवा कोणतेच अव्यय येत नाही. ‘गग शिह्वान ह छा, अर दीदी शिह्वान ह खाफेइ’ म्हणजे थोरल्या भावाला चहा आवडतो, तर धाकट्याला कॉफी. अपेक्षाभंग सांगायचा असेल तेव्हा ‘दानश’, ‘खश’ किंवा ‘बूग्वो’ येते. यांतही छटा आहेत. ‘बूग्वो’ सौम्य असून आधीच्या विधानाला किंचित मर्यादा घालते, तर ‘रानअर’ हे प्रामुख्याने ग्रांथिक लेखनात आढळते. दुरुस्तीसाठी ‘बूश... अरश’ ही स्वतंत्र जोडी आहे. या ठिकाणी ‘दानश’ वापरल्यास वाक्य बिघडते.

मराठी वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. ‘तो शिक्षक नाही, तर विद्यार्थी आहे’ आणि ‘तो शिक्षक नाही, पण विद्यार्थी आहे’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात चुकीची माहिती दुरुस्त केली आहे; दुसऱ्यात तो शिक्षक नसल्याने झालेली उणीव तो विद्यार्थी असल्याने काही अंशी भरून निघते, असे सूचित होते. जर्मन भाषेतही ‘आबर’ आणि ‘झोन्डर्न’ यांत असाच भेद आहे. इंग्रजीत हा भेद मुळीच नाही असे म्हणणे योग्य ठरणार नाही; तेथे तो अव्ययाऐवजी वाक्याच्या घडणीतून, म्हणजे नकाराच्या स्थानातून आणि क्रियापदाच्या लोपातून व्यक्त होतो. तरीही, केवळ अव्ययांपुरते बोलायचे तर येथे रूपाने अधिक स्पष्ट असलेली भाषा चिनी आहे, इंग्रजी नव्हे. ‘रूप’ आणि ‘अर्थ’ यांची सरधोपट विभागणी पहिल्याच कसोटीवर अपुरी पडते.

एकेरी अव्यय आणि जोडीचे अव्यय

दुसरा महत्त्वाचा फरक अव्ययांच्या संख्येचा आहे. इंग्रजीत पहिल्या उपवाक्याआरंभी ‘ऑल्दो’ आले की दुसऱ्याच्या आरंभी ‘बट’ येत नाही. चिनी भाषेत ‘स्वेइरान... दानश’ अशी जोडी स्वाभाविक आहे. ‘स्वेइरान श्या यू, दानश था लाय ल’, म्हणजे जरी पाऊस पडत होता, तरी तो आला. चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजी लेखनात ‘ऑल्दो... बट’ ही रचना वारंवार आढळते, ती यामुळेच. मराठीभाषक विद्यार्थ्यांच्या वह्यांतही ती अपरिचित नाही, कारण मराठीत ‘जरी... तरी’ ही जोडी आहे.

या चुकीचे स्पष्टीकरण देताना ‘एकच विरोध दोनदा सांगणे तर्कविसंगत आहे’ असे म्हटले जाते. हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. इंग्रजीच्या इतिहासात ‘दो... येट’ ही जोडी प्रस्थापित होती. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ती आढळते आणि भारतीय शाळांतील व्याकरणाच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. विरोध दोनदा सांगणे तर्काला बाधक असते, तर ‘येट’ही चूक ठरले असते. खरे कारण शब्दजातीचे आहे. ‘बट’ हे दोन समान दर्जाची वाक्ये जोडणारे अव्यय आहे. ‘ऑल्दो’ने एक वाक्य गौण केल्यावर ते समान दर्जा राहू देत नाही. ‘येट’ क्रियाविशेषणासारखे वागू शकते, म्हणून ते चालते. हा नियम इंग्रजी भाषेचा आहे, विचाराचा नव्हे.

जोडीतील कोणते अव्यय गाळता येते, हे पाहणेही उद्बोधक आहे. चिनी भाषेत ‘स्वेइरान’ सहज गाळता येते आणि ‘दानश’ एकटे पुरेसे होते. उलटपक्षी ‘दानश’ गाळायचे झाल्यास दुसऱ्या उपवाक्यात बहुधा ‘हाय’ (अजूनही), ‘ये’ (-ही) किंवा ‘च्युए’ (मात्र) यांसारखा एखादा शब्द ठेवावा लागतो. मराठीतही ‘पाऊस होता, तरी तो आला’ हे वाक्य पूर्ण आहे. परंतु ‘जरी पाऊस होता, तो आला’ हे वाक्य कानाला अपुरे वाटते. याचा अर्थ असा की, चिनी आणि मराठी या दोन्ही भाषांत विरोधाचा मुख्य भार दुसऱ्या उपवाक्यावर असतो. इंग्रजीत तो ‘ऑल्दो’ने पहिल्यावर किंवा ‘बट’ने दुसऱ्यावर, असा कोणत्याही एका ठिकाणी पेलला जातो.

क्रियाविशेषणांचे स्थान

चिनी भाषेत विरोध मोघम राहतो, या समजाचे मूळ बहुधा तो कोठे शोधला जातो यात आहे. उपवाक्याच्या आरंभी अव्यय शोधण्याची सवय युरोपीय व्याकरणातून आली. मा ज्यानझोंग यांनी १८९८ मध्ये चिनी अभ्यासकाने लिहिलेले चिनी भाषेचे जे पहिले पद्धतशीर व्याकरण सिद्ध केले, त्यातील शब्दजातींच्या मांडणीवर लॅटिन व्याकरणाची छाप होती. त्यामुळे चिनी भाषेला स्वतःकडे पाहण्याची नवी दृष्टी मिळाली. पण ज्या खुणा त्या साच्यात बसत नव्हत्या, त्या दुय्यम ठरण्याचा धोकाही निर्माण झाला.

‘च्युए’ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. तो उपवाक्याच्या आरंभी येत नाही. कर्त्यानंतर आणि क्रियापदापूर्वी येतो. ‘गग लाय ल, मेइमेइ च्युए मेइ लाय’, म्हणजे थोरला भाऊ आला, बहीण मात्र आली नाही. मराठीतील ‘मात्र’चे स्थान नेमके हेच आहे. ‘पण बहीण मात्र आली नाही’ असे मराठीत जसे म्हणता येते, तसेच चिनी भाषेतही ‘दानश’ आणि ‘च्युए’ एकाच उपवाक्यात नांदतात. ‘ये’ या शब्दाचेही असेच आहे. ‘श्या यू, था ये लाय’ या वाक्यात एकही उभयान्वयी अव्यय नाही. तथापि ‘पाऊस असला तरीही तो येतो’ हा अर्थ ‘ये’मुळे निःसंदिग्ध होतो. मराठीत ‘पाऊस असूनही तो आला’ या वाक्यातील ‘-ही’ हेच कार्य करते. केवळ उभयान्वयी अव्ययांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकाला ही दोन्ही वाक्ये ‘खूण नसलेली’ वाटतील. वस्तुतः खूण आहे. ती दुसऱ्या जागी आहे.

अर्थात, पूर्णपणे अव्ययविरहित विरोधही चिनी भाषेत आढळतो. ‘खौ श शिन फेइ’ (मुखी होकार, मनी नकार) या चार अक्षरी वाक्प्रचारात दोन समतोल अर्ध्यांमुळेच विरोध उमटतो. परंतु ‘नाव मोठे, लक्षण खोटे’ ही मराठी म्हणही याच प्रकारची आहे आणि इंग्रजी म्हणींतही अशी रचना दुर्मीळ नाही. ते म्हणीचे लक्षण आहे, विशिष्ट भाषेचे नव्हे.

उपवाक्यांचा क्रम आणि भाषांतर

इंग्रजीत ‘ऑल्दो’चे उपवाक्य आधी किंवा नंतर, दोन्ही ठिकाणी येते. चिनी भाषेत ‘स्वेइरान’चे उपवाक्य पारंपरिक क्रमाने आधीच येते. आधुनिक चिनी गद्यात ते नंतरही आढळू लागले. वांग ली यांनी गौण उपवाक्याच्या अशा स्थानांतराची गणना युरोपीय प्रभावाच्या लक्षणांत केली आहे. या क्रमात मुख्य उपवाक्यात ‘दानश’ येत नाही. मराठीतही ‘तो शाळेत आला, जरी त्याला ताप होता’ ही रचना इंग्रजी वळणाची म्हणून ओळखू येते. भाषांतराने शब्दांबरोबरच उपवाक्यांचा क्रमही येतो, याचे हे उदाहरण होय.

क्रम बदलल्याने वाक्याचा भरही बदलतो. नंतर आलेले ‘ऑल्दो’ आधीच्या विधानाची धार कमी करते. आधी आलेले ‘स्वेइरान’ पुढील विधानासाठी भूमी तयार करते. म्हणून भाषांतरकाराने प्रत्येक ‘बट’ला ‘दानश’ आणि प्रत्येक ‘ऑल्दो’ला ‘स्वेइरान’ असे ठरावीक प्रतिशब्द न वापरता तुलना, अपेक्षाभंग आणि दुरुस्ती यांपैकी कोणता संबंध अभिप्रेत आहे, हे प्रथम निश्चित करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१. तुलना, अपेक्षाभंग आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी इंग्रजीत ‘बट’ पुरते. चिनी भाषेत त्यांसाठी वेगवेगळी अव्यये आहेत.

२. इंग्रजीत विरोधाची खूण सामान्यतः एका उपवाक्यावर पुरते. चिनी भाषेत ती जोडीने येऊ शकते आणि तिचा मुख्य भार दुसऱ्या उपवाक्यावर असतो.

३. चिनी भाषेतील विरोधाच्या अनेक खुणा क्रियाविशेषणाच्या स्थानी असतात. त्या वगळून काढलेला ‘मोघमपणा’चा निष्कर्ष भाषेचा दोष दाखवीत नाही, तर अभ्यासाच्या साधनाची मर्यादा दाखवितो.

या निष्कर्षांचा वर्गातील अध्यापनाशी जवळचा संबंध आहे. ‘ऑल्दो... बट’ लिहिणारा विद्यार्थी गोंधळलेला नसतो. तो आपल्या भाषेचा एक सुसंगत नियम दुसऱ्या भाषेत पाळत असतो. त्याच्या वाक्याखाली लाल रेघ ओढणे आवश्यकच आहे, कारण इंग्रजीचा नियम वेगळा आहे. परंतु त्या रेघेचा अर्थ ‘विचार चुकला’ असा न होता ‘भाषा बदलली’ असा होईल, याची दक्षता अध्यापकाने घ्यावयास हवी. मराठीच्या ‘जरी-तरी’, ‘मात्र’ आणि ‘-ही’ यांच्याकडे लक्ष वेधून हा फरक समजावून दिला, तर विद्यार्थ्याला इंग्रजीचा नियमही कळेल आणि स्वतःच्या भाषेविषयी न्यूनगंडही बाळगावा लागणार नाही.