हॉस्टेल, रूम आणि ‘आडनाव काय?’

बारावीचे निकाल लागले की बारामतीत दर वर्षी तीच चर्चा सुरू होते: हॉस्टेल घ्यायचं की रूम करायची? तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२पासून आहे, १९७२मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानची कॉलेजं भिगवण रस्त्याला आहेत, माळेगावकडे शारदानगर आहे, आणि आता सरकारी मेडिकल कॉलेजही झालं. इंदापूर, दौंड, फलटण, माळशिरसकडची पोरं इथे येतात. हॉस्टेलला गेटची वेळ पाळायची आणि गावी जायचं तरी वॉर्डनला विचारायचं. रूमवर डिपॉझिट भरायचं, डबा लावायचा आणि लाइटबिलावरून पार्टनरशी भांडायचं. दोन्ही न परवडणारे एसटीचा पास काढून अप-डाऊन करतात. इंदापूरहून निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, सणसर, भवानीनगर करत बारामती म्हणजे पन्नासेक किलोमीटर. तुकोबांची पालखी याच वाटेने उलटी जाते, पण तिला सकाळचं पहिलं लेक्चर गाठायचं नसतं.

मराठी लेखनात हा प्रश्न शोधायला गेलं, तर पहिली हाताला लागते ‘कोसला’. १९६३ सालच्या या कादंबरीने हॉस्टेल मराठीत असं रुजवलं, की पुढच्या पिढ्यांतल्या पुष्कळ मुलांना आपल्याच खोलीत पांडुरंग सांगवीकर राहून गेल्यासारखं वाटत आलं. मेसचा कारभार, उधाऱ्या, रात्रीचं निरर्थक भटकणं, वडिलांच्या पैशांचा चुराडा. नेमाड्यांनी हे ज्या भाषेत लिहिलं, तिची मोहिनी माझ्यावर अजून आहे. पण पांडुरंगाच्या या सगळ्या मोकळिकीखाली सांगवीची शेती आहे. वाया जाणं त्याला परवडतं, कारण परत जायला घर आहे, भले त्या घराशी त्याचं जमत नसेल. राहायला जागा मिळेल का, ही त्याची चिंताच नाही. गंमत अशी की आपण वाचकांनी हा एका सधन शेतकऱ्याच्या मुलाचा अनुभव उचलला आणि ‘हॉस्टेल लाइफ’ म्हणून सगळ्यांच्या नावावर लावून टाकला. त्यात कादंबरीचा दोष नाही. आपल्या वाचनाचा आहे.

‘कोसला’ ठेवून लगेच दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) किंवा प्र. ई. सोनकांबळ्यांचं ‘आठवणींचे पक्षी’ उघडावं. पवारांचं संगमनेरचं बोर्डिंग किंवा सोनकांबळ्यांना औरंगाबादला घेऊन गेलेलं मिलिंद महाविद्यालय: इथे वसतिगृह म्हणजे कुणाच्या दारात उभं न राहता मिळणारं दोन वेळचं जेवण. पांडुरंगाला मेसचा कंटाळा येऊ शकतो. इथे मेस हाच शिक्षणाचा पाया आहे. बाया कर्व्यांच्या ‘माझे पुराण’मध्ये तर वसतिगृह आणखी निराळं. १८८९मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेल्या त्या विधवा मुलीला चार भिंतींतली शिस्त हीच घराबाहेरची पहिली मोकळी जागा होती. आजही बारामतीत मुलीच्या बाबतीत ‘हॉस्टेल की रूम’ हे बहुतेक वेळा तिला विचारून ठरत नाही. गेट लवकर बंद होतं म्हणूनच तर घरचे पाठवतात.

रूमबद्दल मात्र आपल्याकडे फारच थोडं लिहिलं गेलं आहे. मला विचाराल तर खोली भाड्याने घेण्यावरचा सर्वांत मोठा मजकूर कादंबरीत नाही, आणि तो मूळ मराठीतही नाही. तो आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या इंग्रजी आठवणींत आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आधी हार्टली हॉल, मग कॅम्पसबाहेर, आणि नंतर पुन्हा वसतिगृहात, लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. तिथे सोबत नवल भथेना हा पारशी विद्यार्थी होता आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होताना त्यांनी पारशी धर्मशाळेतच खोली घेतली. त्यासाठी वहीत पारशी नाव लिहावं लागलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन पारशी माणसं खोलीसमोर उभी राहिली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राने घरी ठेवून घ्यायचं टाळलं. गाडी रात्री होती, तोवरचा वेळ त्यांनी कमाठी बागेत काढला.

हे मी अनेकदा वाचलं आहे आणि दर वेळी त्या वहीपाशी थांबतो. वसतिगृहातला पारशी आणि धर्मशाळेतले पारशी एकाच समाजाचे. फरक जागेच्या नियमात आहे. लिव्हिंगस्टन हॉलमध्ये प्रवेश विद्यार्थी म्हणून मिळतो. भाड्याच्या खोलीत माणूस आधी तपासला जातो. बारामतीत किंवा पुण्यात रूम शोधणाऱ्या पोराला ‘आडनाव काय?’ हे ‘कुठल्या कॉलेजला?’च्या आधी ऐकावं लागतं, त्यामागे हीच वही आहे.

म्हणून वसतिगृह पवित्र ठरतं असंही नाही. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात उभी केलेली बोर्डिंगं बहुतांशी एकेका समाजाची होती. त्या काळात तोच शक्य असलेला रस्ता होता. भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका बोर्डिंगात, एका पंगतीला बसवली आणि १९२७मध्ये गांधी ते पाहायला आले. एकत्र राहणं हाच तिथे अभ्यासक्रम होता. आजच्या कॅम्पस हॉस्टेलच्या माहितीपत्रकात वायफाय आणि गरम पाणी असतं, ही कल्पना नसते. रूमवर तर चौघं बहुधा एकाच गावचे किंवा एकाच भावकीचे असतात. स्वातंत्र्य घ्यायला बाहेर पडलेली पोरं आपापला गाव बरोबर नेतात, यावर एखादी चांगली कादंबरी व्हायला हवी होती.

सरकारनेही आता रूमच्या बाजूने कौल दिला आहे. २०१६-१७पासूनच्या स्वाधार योजनेत, सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या खात्यात जेवण, राहणं आणि निर्वाहाचे पैसे जमा होतात. मोठ्या शहरांसाठी सुरुवातीला ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये होती. पैसा उपयोगी पडतो, त्याची टिंगल करायचं कारण नाही. पण नवं वसतिगृह बांधायचं काम त्यामुळे मागे पडतं, आणि ज्या दारात आंबेडकरांना वहीत दुसऱ्याचं नाव लिहावं लागलं, त्याच दारात विद्यार्थी पुन्हा एकटा उभा राहतो. अर्जाला भाडेकरार जोडायचा असतो. म्हणजे आधी खोली मिळायला हवी, आणि खोली देणारा करार लिहून द्यायला तयार हवा. पुष्कळ घरमालक म्हणतात, रहा की पोरा, भाडं रोखीने दे, कागद कशाला हवा?