‘हेअरबॉल कंट्रोल’ म्हणजे नेमकं काय मोजलं?



पेपर टीकात्मक नजरेने कसा वाचायचा, हे सांगताना आपण सहसा आपल्याच विषयातला एखादा जड पेपर काढतो. मग होतं काय, की अर्धी शक्ती शब्द समजण्यातच जाते आणि पद्धतीकडे बघायचं राहून जातं. म्हणून आज मुद्दाम सगळ्यांना कळेल असा प्रश्न घेतो. मांजर केसांचा गोळा ओकतं. त्यावर दुकानात ‘हेअरबॉल कंट्रोल’ लिहिलेलं खाद्य मिळतं, ट्यूबमधली पेस्ट मिळते, आणि घरात कोणी ना कोणी तूप चाटवायला सांगतंच. यातलं काय खरं?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. उत्तर चुकलं तर एखादं आजारी मांजर सहा महिने नुसती पेस्ट चाटत बसतं. आणि इथे दिसणाऱ्या चुका तुमच्या-माझ्या सिनॉप्सिसमध्येही असतात, फक्त त्यांच्यावर केस नसतात.

आधी प्रश्नाचे तुकडे करा

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. जॉर्जिया टेकच्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यांतून लाळ थेट केसांच्या मुळापर्यंत पोहोचते. स्वच्छतेसाठी उत्तम सोय! पण काटे मागे वळलेले असल्यामुळे सुटलेला केस थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. गिळलेले बहुतेक केस शीवाटे निघून जातात. जे पोटात मागे राहतात ते एकमेकांत गुंततात आणि कधीतरी उलटीवाटे बाहेर येतात. अन्ननलिकेतून दाबून येत असल्यामुळे त्या ‘गोळ्या’चा आकार खरं तर वळकटीसारखा असतो.

म्हणजे उपाय करायला तीन जागा झाल्या. पोटात केस कमी जावेत, गेलेले केस पुढे सरकावेत, आणि आहेत ते एकमेकांत गुंतू नयेत. उपाय बदलला की मोजायची गोष्टही बदलते. हे लक्षात ठेवा, आता खरी गंमत आहे.

शी तीच, निकाल दोन

पहिला पेपर वेबर आणि सहकाऱ्यांचा, २०१५ चा. आखूड आणि लांब केसांच्या मांजरांना तंतू वाढवलेलं खाद्य दिलं आणि १४ दिवसांनंतर शीतून किती केस पडतात ते मोजलं. लांब केसांच्या मांजरांत शीतले केस वाढले, आखूड केसांच्या मांजरांत तसा फरक दिसला नाही. लेखकांचं म्हणणं असं, की केस खालून जास्त गेले म्हणजे वरून कमी येतील.

दुसरा पेपर ब्राझीलमधल्या लोरेरो आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा. त्यांनी खाद्यात उसाचा तंतू घातला. हो, आपल्याकडे गुऱ्हाळाबाहेर ढीग लागतो त्याच चिपाडातला. त्यांनी शीतल्या केसांच्या गुठळ्या मोजल्या. उसाच्या तंतूने गुठळ्या कमी झाल्या, सेल्युलोजने झाल्या नाहीत. इथे अर्थ असा लावला की केस गुंतलेच नाहीत, म्हणून गुठळ्या कमी.

आता थांबा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. एका ठिकाणी शीत केसांचं प्रमाण *वाढलं* म्हणून उपाय चांगला, दुसऱ्या ठिकाणी शीत केसांच्या गुठळ्या *कमी झाल्या* म्हणून उपाय चांगला. दोघं परस्परविरोधी बोलतायत असं मी म्हणत नाही. एकूण केसांचं वजन आणि गुठळ्यांची संख्या ही दोन वेगळी मोजमापं आहेत आणि दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. पण साहित्याच्या आढाव्यात तुम्ही ‘तंतुमय खाद्याने हेअरबॉल कमी होतात’ असं एक वाक्य लिहून कंसात दोन्ही पेपर टाकलेत, तर तुम्ही दोन्ही पेपर वाचलेले नाहीत. आढाव्याचा तक्ता करताना ‘निष्कर्ष’ या रकान्याआधी ‘काय मोजलं’ हा रकाना हवा, तो यासाठीच.

मोठी अडचण पुढेच आहे. मांजर पाळणाऱ्याला शीतल्या केसांचं काही पडलेलं नसतं. त्याला पहाटे चार वाजता गादीवर येणारी उलटी थांबवायची असते. शीतले केस हे उलटीचं *पर्यायी* मोजमाप आहे. ते संशोधकाला सोपं पडतं, कारण शी रोज मिळते. पर्यायी मोजमाप वापरायला हरकत नाही, मात्र ते बदललं की खरी गोष्टही बदलते हे वेगळं दाखवावं लागतं. ती कडी जोडलेली नसेल तर दाव्याची उडी तेवढीच मोजून मापून घ्यायची.

आणखी दोन बारकावे बघा. वेबर पेपरमध्ये लेखकांच्या पत्त्यात पेट फूड कंपनी आहे. त्यामुळे निकाल खोटा ठरत नाही, पण इतकी मोजमापं उपलब्ध असताना नेमकं हेच का निवडलं, हे विचारायचा तुम्हाला अधिकार मिळतो. आणि लोरेरो पेपरच्या शीर्षकातच ‘कदाचित’ अशा अर्थाचा शब्द आहे. पेपरमधला ‘कदाचित’ पाकिटावर येईपर्यंत कुठे गळून पडतो, हे शोधणं हाच एक चांगला संशोधन विषय होईल.

मग उलट्याच का मोजत नाहीत?

मोजता येतात, पण ते दिसतं तितकं सोपं नाही. थोडं गणित करू. समजा एक मांजर महिन्याला सरासरी दोन गोळे ओकतं आणि प्रत्येक वेळ ही दुसऱ्या वेळेपासून स्वतंत्र आहे. (खऱ्या मांजरात ती तशी असेलच असं नाही, पण अंदाजाला पुरेसं आहे.) पॉइसाँ वितरणाने, काहीही उपाय न करता पुढचे पंधरा दिवस एकही गोळा न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. पूर्ण महिना कोरडा जाण्याची शक्यता सुमारे १३.५ टक्के.

म्हणजे अशा १०० मांजरांना तुम्ही काहीच दिलं नाही, तरी तेराचौदा मालक महिन्याअखेरीस म्हणतील, ‘पूर्ण बंद झालं हो!’ पंधरा दिवसांनी विचारलंत तर असे मालक सदतीस निघतील.

त्यात भर म्हणजे उपाय कधी सुरू होतो ते बघा. मांजर नेहमीसारखं असताना कोणी पेस्ट आणत नाही. आठवड्यात तीनदा उलटी झाली की माणूस दुकानात जातो. वाईट काळानंतर बहुतेक वेळा बरा काळ येतोच, केस गळायचा मोसमही सरतो, आणि श्रेय ट्यूबला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात आणि त्यावरचं औषध एकच, कंट्रोल ग्रुप. शिवाय मोजणारा मालक स्वतःच असेल तर त्याला कोणतं खाद्य चालू आहे हे माहीत नसावं. मांजराला प्लासिबो कळत नाही, पण मालकाला कळतो.

१०० पैकी ९९: हा आकडा जपून वापरा

दुसऱ्या टोकाची चूकही पाहू. नॉर्सवर्दी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास खूप सांगितला जातो: १०० मांजरांपैकी ९९ मांजरांत लहान आतड्याचा जुनाट आजार निघाला, त्यात ४९ मध्ये आतड्याची दीर्घकाळची सूज आणि ४६ मध्ये लिंफोमा. हे वाचून घाबरलेला माणूस म्हणतो, गोळा ओकला म्हणजे कॅन्सर!

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भातातलं हवं. या अभ्यासात घेतलेल्या मांजरांना आधीच जुनाट उलट्या, जुलाब, वजन घटणं अशी लक्षणं होती आणि सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसली होती. अशा निवडलेल्या गटात ९९ निघाले, यात आश्चर्य नाही. महिन्यातून एकदा गोळा ओकून लगेच वाटीकडे धावणाऱ्या मांजराला हा आकडा लागू होत नाही.

तरी या पेपरचा गाभा महत्त्वाचा आहे: सततची उलटी ‘मांजरं ओकतातच’ म्हणून सोडून देऊ नये. त्याच वर्षी मार्था कॅनन यांनी लिहिलेला आढावाही हेच वेगळ्या बाजूने सांगतो. गोळे वारंवार येत असतील तर दोन शक्यता तपासा. एक तर मांजर जास्त केस गिळतंय, म्हणजे पिसवा, खाज, वेदना किंवा ताण यांमुळे जास्त चाटतंय. नाहीतर पोट-आतड्याची हालचाल बिघडलीय. दोन्हीत गोळा हे लक्षण आहे, रोग नाही.

मग घरी काय करायचं?

टीका करून हात झटकणं सोपं असतं, म्हणून पुराव्याच्या वजनाप्रमाणे सांगतो.

*विंचरणं.* इथे तर्काची साखळी सगळ्यात आखूड आहे. कंगव्यात आलेला केस पोटात जात नाही. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा.

*पिसवा.* खाज थांबली की चाटणं कमी होतं. पण कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला कधीही लावू नका, ते जिवावर बेततं.

*तंतू.* वरच्या पेपरांतून फायद्याची शक्यता दिसते, विशेषतः लांब केसांच्या मांजरात. इसबगोल द्यायचा असेल तर प्रमाण पशुवैद्याला विचारून, आणि भरपूर ओलाव्यासोबत. पेपरमध्ये होतं म्हणून घरी चिपाड कुटून घालू नका, तिथला तंतू बारीक करून खाद्यात मिसळलेला होता.

*तूप, लोणी.* हे चरबीचे पदार्थ लहान आतड्यात पचून शोषले जातात. ‘वंगण’ म्हणून शेवटपर्यंत पोहोचतील ही कल्पनाच शरीरक्रियेशी जुळत नाही.

*पॅराफिन.* ते पचत नाही, म्हणून निदान वंगणाचा तर्क तरी टिकतो. मात्र पातळ पॅराफिन जबरदस्तीने तोंडात ओतू नका. त्याला चव नसते, ते श्वासनलिकेत गेलं तर ठसकाही नीट येत नाही आणि फुप्फुसाला सूज येते.

आणि हे दिसलं तर घरचे प्रयोग बंद: वारंवार उबळ येते पण काहीच बाहेर पडत नाही, मांजर दिवसभर खात नाही, शी होत नाही, पोट फुगलंय, वजन घटतंय. मान पुढे ताणून, अंग जमिनीलगत नेऊन खोकत असेल आणि गोळा कधीच पडत नसेल, तर तो दमाही असू शकतो. व्हिडिओ काढा आणि पशुवैद्याला दाखवा. सोबत तारखांची नोंदवही न्या. ‘खूप वेळा’ या शब्दापेक्षा सहा तारखा जास्त बोलतात.

तुमच्या वहीसाठी

उद्या कोणताही पेपर उघडाल, तेव्हा हे चार प्रश्न समासात लिहा:

१. ज्याची चिंता आहे ते मोजलं, की जे सोपं होतं ते?
२. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?
३. नमुना कोणत्या दारातून आत आला?
४. पेपरमधला ‘कदाचित’ माझ्या वाक्यात शिल्लक आहे का?

चौथा प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो, कारण ‘कदाचित’ काढला की वाक्य कसं ठसठशीत होतं. पण त्या ठसठशीत वाक्यावर विसंबून कोणीतरी निर्णय घेतो. इथे तो निर्णय एका मुक्या जनावराबद्दल आहे. तुमच्या विषयात तो कोणाबद्दल असेल, हे सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एकदा स्वतःला विचारून बघा.